शिट्टी थांबली की भीती वाटते

माझ्या दवाखान्यात लोक सगळ्यात जास्त कशाला घाबरतात, असं कुणाला विचारलं तर तो सुईचं नाव घेईल. साफ चूक. आमच्या कोल्हारच्या पंचक्रोशीतला माणूस सुईला घाबरत नाही. उलट "डॉक्टर, एखादं इंजेक्शन टोचा की, त्याबिगर बरं वाटंना" म्हणत स्वतःच बाही वर करतो. सलाईन लावलं तर पाव्हण्यारावळ्यांना फोन करून भेटायला बोलावतो. पण मी टेबलावर दम्याचा पंप ठेवला, की त्याच माणसाचा चेहरा उतरतो. वस्तू मुठीत मावणारी, तिला ना सुई ना पातं. तरी शेजारी बसलेली बायको पदर तोंडाला लावते. आणि मग दोघांपैकी कुणीतरी ते वाक्य बोलतं, जे ऐकता ऐकता माझे केस पांढरे झाले : "म्हंजी डॉक्टर, आता शेवटचंच का?"

ही भीती येते कुठून, तेही सांगतो. लोक पंप घेतात तेव्हा सगळे उपाय करून थकलेले असतात. काढे झाले, मंत्राचे दोरे झाले, माशाचं औषध झालं, गोळ्यांनी अंग सुजलं, मग नाइलाजानं पंप. तोवर छातीची पार दैना झालेली असते. असा माणूस वर्ष-सहा महिन्यांत जातो आणि गाव म्हणतं, पंप लागला अन् माणूस गेला. पाऊस पडल्यावर छत्री उघडावी आणि छत्रीमुळे पाऊस आला म्हणावं, त्यातला हा प्रकार. पण मरण बघितलेल्या माणसाला तर्क सांगून उपयोग नसतो.

औषध एकदम साधं आहे. दम्यात श्वासनळ्या आतून सुजतात आणि आकसतात. चुलीच्या धुरानं नाहीतर विडीनं फुप्फुसं खराब झाली की तोच प्रकार कायमचा मुक्कामाला येतो. गोळी पोटात जाते, रक्तात मिसळते, सगळ्या अंगभर फिरते आणि मग थोडीशी छातीत पोचते. पंपाचं औषध थेट जिथं दुखणं आहे तिथं जातं, म्हणून ते अगदी थोडं पुरतं. एक पंप रोजचा, सूज येऊ न देणारा. दुसरा तातडीचा, निळा, आकसलेली नळी उघडणारा. रोजच्यानं लगेच काही जाणवत नाही, म्हणून लोक तो सोडून देतात. निळ्यानं लगेच मोकळं वाटतं, म्हणून त्याच्या नादी लागतात.

आम्हा डॉक्टरांत तरी कुठं एकमत आहे? आसपासचे डॉक्टर आम्ही अधूनमधून चहाला जमतो. एकजण म्हणतो, कॅप्सूल फोडून ओढायचं यंत्रच बरं, त्यात दाबण्याची आणि श्वास घेण्याची वेळ जुळवावी लागत नाही. दुसरा म्हणतो, ज्याला ओढायला दमच नाही तो ओढणार कसा, पंपच द्या आणि पुढे फवारा साठवणारं नळकांडं लावा. कॅप्सूलच्या यंत्राचा एक अनुभव मला पाथर्डीकडच्या एका ऊसतोडीच्या मुकादमानं दिला. गडी महिनाभरानं आला, दम तसाच. म्हटलं, यंत्र दाखवा. कोरं करकरीत. "अन् कॅप्सूल?" "त्या काय, रोज पान्यासंगं गिळतो की!" कॅप्सूल गिळायचीच असते हे त्याला सगळं जग सांगत आलेलं, त्यात त्याचं काय चुकलं? त्या चहाच्या बैठकीत एक स्नेही फार तावातावानं बोलायचे, की सगळ्या पेशंटला सुरुवातीपासून पंप द्यायला हवा. एकदा त्यांच्या गाडीतून गेलो. कागद शोधायला पुढचा कप्पा उघडला, तर आत निळा पंप, रुमालात गुंडाळलेला. ते ओशाळून म्हणाले, "पेशंटनी बघितलं तर म्हणतील, याचाच दमा बरा होईना."

आणि खरं सांगायचं तर पंप लिहायला डॉक्टरही भितात. लिहिला की पेशंट शेजारच्या डॉक्टरकडे जातो, आणि शेजारचा त्याला हवं ते टोचतो. पण माझी खरी भीती वेगळी आहे. तिचं नाव शिट्टी.

दम्याचा माणूस श्वास सोडतो तेव्हा छातीतून शिट्टी वाजते. घरच्यांना तिची धास्ती वाटते. मला वाटत नाही. अरुंद नळीतून का होईना, हवा जातेय, म्हणून ती वाजते. झटका फार वाढला आणि माणूस झगडून थकला, की नळीतून हवाच जात नाही आणि शिट्टी थांबते. घरचे म्हणतात, "हां, पडला आराम." आमच्या धंद्यात याच्याइतकं भयानक वाक्य नाही.

हे वाक्य मी दोन वर्षांपूर्वी फोनवर ऐकलं. ते ज्या घरातलं, त्या घराची ओळख करून देतो. नावं बदलली आहेत.

प्रवरेच्या बाजूला गावापासून लांब वस्तीवर राहणारं बागायतदार कुटुंब. नाना, त्यांची बायको पार्वताबाई, मुलगा संदीप आणि सून सुवर्णा. संदीप नागापूरच्या एमआयडीसीत कामाला, आठवड्यातून एकदा घरी. घराच्या चाव्या पार्वताबाईंच्या कमरेला आणि घराचा आवाजही त्यांचाच. नाना तसे देवमाणूस, विचारल्याशिवाय बोलत नसत.

पार्वताबाई बाजारच्या दिवशी गुडघा दाखवायला म्हणून माझ्याकडे यायच्या. गुडघा ठणठणीत होता. सगळा जन्म चुलीपुढं गेलेला, छाती धुरानं पोखरलेली. गोठ्यापर्यंत गेल्या तरी थांबावं लागायचं. पंपाचं नाव काढलं तसं त्यांनी दार लोटून घेतलं. "डॉक्टर, माझी आई पंपावर गेली. अन् सुनंला कळलं तर चाव्या आजच मागंल. म्हनंल, म्हातारीच्यात दम न्हाई." रोज ओढायच्या कॅप्सूल आणि त्यांचं यंत्र दिलं, तातडीला निळा पंप दिला. पुढे लावायचं प्लास्टिकचं नळकांडं मात्र त्यांनी टेबलावरून मागं सरकवलं. "एवढं डेचकं कुठं लपवू?" मग मी पाण्याच्या छोट्या बाटलीच्या बुडाला पंपाचं तोंड बसेल एवढं भोक पाडून दिलं. त्यात फवारा मारायचा, बाटलीच्या तोंडाला ओठ लावायचे आणि सावकाश श्वास घ्यायचा. जुगाड खरा, पण काम चोख करतो. पंप गेला मिश्रीच्या डबीशेजारी, कमरेच्या पिशवीत. बाटली गोठ्यात. नानांनी एकदा विचारलं, हिच्या बुडाला भोक कुनी पाडलं? तर म्हणे, तुळशीला थेंबथेंब पाणी घालायला.

सुवर्णाही यायची, शिलाईचं सामान आणायला गावात येते म्हणून. शाळेत असल्यापासून दमा. लग्न जमवताना माहेरच्यांनी सांगितलं नव्हतं. "डॉक्टर, आत्याबाईंना कळू देऊ नका. आजारी पोरगी गळ्यात मारली म्हनतील अन् माहेरी धाडतील." तिचा पंप शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनखाली. रोजचा पंप वापर म्हणून मी दर खेपेला तिच्या कानीकपाळी ओरडायचो. ती मान डोलवायची आणि निळाच लिहून घेऊन जायची. दोन पंप लपवायचे म्हणजे दोन जागा शोधायच्या!

म्हणजे एका छपराखाली दोन बायका एकाच यंत्रातून एकमेकींना चोरून श्वास घेत होत्या, आणि हे फक्त मला माहीत होतं. पेशंटनं सांगितलेलं पोटात ठेवायचं, हा आमचा धर्म. मी दोघींनाही सुचवून पाहिलं, घरात बोला. दोघींनीही माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी विहिरीत उडी मारायला सांगतोय. गंमत वाटायची, नाही असं नाही. पण गंमतीच्या खाली कायम एक धाकधूक असायची.

पावसाळा संपत आला होता. वाफेचं मशीन, म्हणजे औषधाची वाफ देणारा नेब्युलायझर, बिघडलं म्हणून दवाखाना बंद ठेवून मी ते दुरुस्तीला नगरला नेलं होतं. नगरचं आता अहिल्यानगर झालं, मनमाड रस्ता मात्र होता तसाच राहिला. परत येताना राहुरीच्या अलीकडे एक कंटेनर खड्ड्यात कलंडलेला, आणि दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा. दुरुस्त मशीन मागच्या सीटवर. तेवढ्यात फोन वाजला.

"डॉक्टर, नाना बोलतोय. चाळीत कांदा निवडाया बाया लावल्यात. सुनबाईला लई धाप लागली हुती. शिट्ट्या पार अंगनापत्तुर ऐकू येत व्हत्या. पन आता काळजी न्हाई, पडला आराम, आवाज थांबलाय. पडलीय गप."

चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, कांद्याला काळी बुरशी धरते. निवडताना टरफलं आणि ती भुकटी उडते. दम्याच्या माणसानं तिथं पाऊल टाकू नये. पण सुवर्णा सांगणार काय? नाकाला पदर बांधायचीसुद्धा तिला चोरी.

"नाना, ओठ कसे दिसतात?"

"निळं पडल्यात जरा."

"बोलतेय?"

"न्हाई. डोळं उघडं हायेत."

गाडीत बसून मी असा ओरडलो, की पुढच्या ट्रकचा क्लीनर वळून बघायला लागला. "नाना, आराम नाही पडलेला! उठवून बसवा तिला, पुढे वाकवून. आडवी ठेवू नका. चाळीपासून लांब न्या. कुणीतरी एकशेआठला फोन करा. तुमची पिकअप कुठाय?"

"मार्केटला गेलीय, कांदा घिऊन."

"मग शेजारची बोलवा!"

नानांनी फोन स्पीकरवर टाकला होता. सगळ्या बायांचा गलका ऐकू येत होता. मला येत नव्हता तो फक्त तिच्या श्वासाचा आवाज. इतकी वर्षं छातीला नळी लावून ऐकत आलो; त्या दिवशी मी मोबाईल कानात घुसवून ऐकत होतो आणि काहीच ऐकू येत नव्हतं. तिच्या मशीनच्या खणात पंप आहे हे मला ठाऊक होतं. धर्म वगैरे सगळं त्या क्षणी गेलं चुलीत. मी म्हटलं, "नाना, सुवर्णाचा पंप तिच्या शिलाई मशीनच्या खणात आहे. आधी तो आणा."

मग पार्वताबाईंचा आवाज आला. "तिचा पंप? आमच्या सुवर्णाचा?"

"मावशी, नंतर विचारा. पळा!"

खण ओढल्याचा, बॉबिना फरशीवर सांडल्याचा आवाज आला. मग फूस्. परत फूस्. "मारला डॉक्टर. काय फरक न्हाई." अजून एकदा फूस्. आणि मला उमगलं, पंप रिकामा आहे. पंपातलं औषध संपलं तरी आतला वायू शिल्लक असतो. रिकामा पंपही भरल्यासारखाच आवाज करतो. आता काही पंपांवर किती फवारे उरले त्याचा आकडा दिसतो; तिच्या पंपावर नव्हता. आणि गावातल्या मेडिकलवाल्याला सासरे ओळखतात, म्हणून ती नवा आणायचं पुढे पुढे ढकलत असणार.

त्या वस्तीवर भरलेला निळा पंप एकच होता. तो सासूच्या कमरेला होता.

तो काढा, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि मला वेगळीच भीती वाटली. इतक्या बायांपुढं त्या नाही म्हणाल्या तर? "कसला पंप, माझ्याकडं कशाला आसल?" असं म्हणून बसल्या, तर ती पोर तेवढ्या वेळात जाईल. घरची अब्रू राखायला माणसं याहून मोठी खोटी बोललेली मी पाहिली आहेत. "मावशी..." एवढंच म्हणालो, आणि पुढचे शब्द जुळवत राहिलो.

ते मला बोलावे लागले नाहीत.

"आवो, तिला नीट धरा," पार्वताबाई नानांवर खेकसल्या. मग बांगड्या वाजल्या. कुणीतरी धावत गेलं आणि धापा टाकत परत आलं. नाना म्हणत होते, "ही तुळशीची बाटली कशाला आनली? अन् हे काय? हे कुनाचं?"

"माझं हाय. व्हा बाजूला. सुवर्णे, तोंड लाव इथं. लाव गं माझ्या बाई. घाबरू नगं, म्या रोज घेते. ओढ सावकास."

फूस्. मी ओरडून सांगत होतो, एक फवारा, मग चार श्वास, मग पुन्हा. त्या माझं ऐकत होत्या की नाही कुणास ठाऊक. त्यांना माझ्या सांगण्याची गरजच नव्हती. फूस्. "ओढ." फूस्. "आजून ओढ." मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी काच वर केली. घामानं मोबाईल हातातून निसटत होता. मी पांडुरंगाला, म्हाळसेला, आठवेल त्या देवाला हाका मारल्या. स्वतःला नास्तिक म्हणवणारा मी, रस्त्यात गाडी उभी करून मोठ्यानं हाका मारत होतो.

मग नानांनी हंबरडा फोडला. "डॉक्टर! डॉक्टर, परत लागली वाजाया! शिट्टी चालू झाली परत! आता काय करू वो?"

आणि मला ती ऐकू आली. बारीक, कापरी, लांबून येणारी शिट्टी. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो. "वाजू द्या नाना," म्हटलं, "वाजू द्या तिला. मारत राहा."

शेजारची पिकअप आली, तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. कंटेनर निघाल्यावर मीही तिथंच पोचलो. सुवर्णा ऑक्सिजनवर होती, थकलेली, पण ओठांना रंग आलेला. बाहेर पायरीवर पार्वताबाई दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून वाकून बसल्या होत्या. श्वास वर वर चालला होता. त्या धावल्या होत्या, घाबरल्या होत्या, आणि त्यांचा पंप आत सुनेच्या उशाशी होता.

"मावशी, पंप मागायचा नाही का कुणाला?"

"तिला लागला तर?" एवढंच त्या बोलल्या.

मी पंप आणून त्यांच्या हातात दिला. नाना समोरच उभे होते. सगळ्यांदेखत पहिल्यांदाच त्यांनी तो तोंडाला लावला. नाना म्हणाले, "तुला कवापासनं हाय गं हे?"

श्वास परत आल्यावर त्या म्हणाल्या, "चार दिस चूल पेटवली आसती तर तुमाला आपसूक कळलं आसतं."

सुवर्णा घरी आली. तिला माहेरी कुणी धाडलं नाही, चाव्याही कुणी मागितल्या नाहीत. संदीपनं गॅसचं दुसरं सिलिंडर आणलं आणि चूल फक्त अंघोळीच्या पाण्यापुरती राहिली, तीही मागच्या दारी. कांदा निवडायला सुवर्णा जात नाही. हे सगळं चांगलं झालं. पण माझी भीती काही गेली नाही. चाळी भरल्या, की अजूनही मी फोन पहिल्या घंटेलाच उचलतो. त्या दिवशी सासूकडे पंप होता म्हणून निभावलं. किती वस्त्यांवर पिठाच्या डब्यात, गोधडीच्या घडीत, मशीनच्या खणात पंप लपवलेले असतील आणि त्यातले किती रिकामे असतील, हे मला माहीत नाही. पंपावर आम्हा डॉक्टरांना कितीही वाद घालू दे, कुठला चांगला, कुठला सोपा. लपवलेला पंप कुठल्याच कामाचा नाही, एवढं मला त्या रस्त्यावर कळलं.

त्याच वर्षीच्या खंडेनवमीला सकाळी फोन वाजला. नानांचं नाव दिसलं. मी दाढी करत होतो, ब्रश तिथंच टाकला. फोन उचलला तर पलीकडे नाना नीट बोलेचनात, आणि मागे बायकांचा आरडाओरडा.

"नाना! काय झालं? शिट्टी ऐकू येतेय का? बोला!"

"आवो, काय झालं न्हाई," नाना हळूच म्हणाले, "आज अवजारांची पूजा न्हाई का. विळा, कोयता, ट्रॅक्टर, मशीन, समद्याला हळदकुंकू वाहिलं. आता ही म्हनती, ज्यानं जीव वाचवला त्ये बी अवजारच की, पंपाला बी वाहनार. सुनबाई म्हनती, हळद तोंडात गेली तर छातीत जाईल. सकाळपासनं जुंपलीय. तुमीच सांगा काय ते."

मी सांगणार होतो, की सुनेचं बरोबर आहे, झेंडूचं फूल बाजूला ठेवा आणि हळद लांबच राहू द्या. पण मागून दोघींचे आवाज येत होते, एकीवर एक चढलेले, मध्ये श्वासालाही न थांबता, भरल्या छातीनं. कुठं धाप नाही, कुठं शिट्टी नाही. नाना "हॅलो, हॅलो" करत होते. मी तोंडाला साबण तसाच, फोन कानाला लावून बराच वेळ त्यांचं भांडण ऐकत उभा राहिलो.